शनिवारची संगणक खोली

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना जोडल्या आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. दोन संध्याकाळी बसून लिहायचा प्रयत्न केला, पण माझ्या वाटचालीत पुण्याच्या ट्रॅफिकशिवाय सांगण्यासारखं फारसं काही सापडेना. म्हणून विषय थोडा वळवून घेते. आपल्या शाळेत शनिवारी दुपारी संगणक खोलीत सात मुलं बसायची. त्या सातांचं पुढे काय झालं, ते सांगते. नावं घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि एका व्यक्तीने तर भाषणात नाव घ्यायचं नाही या अटीवरच आज यायचं कबूल केलं आहे.

आधी खोली आठवा. जिन्याखालून डावीकडे, प्रयोगशाळेच्या पलीकडे. दाराबाहेर चपला काढायच्या. खिडक्यांना जाड हिरवे पडदे. एप्रिलमध्ये अख्खं वर्धा तापलेलं असताना शाळेत थंड हवा होती ती फक्त मुख्याध्यापकांच्या आणि त्या खोलीत. आपल्यापैकी बरेचजण सुरुवातीला संगणकासाठी नाही, गारव्यासाठीच आत यायचे. मीसुद्धा.

शाळेत संगणक असणं तेव्हा नवलाचं होतं. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाची योजना काढून देशातल्या सुमारे २५० शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक बसवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे संगणक आले ते त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी, तेही देणगीतून. यंत्रं चार होती, त्यातलं एक कायम आजारी. हार्ड डिस्क नव्हती. आधी डॉसची सव्वापाच इंची फ्लॉपी घालायची, मग बेसिकची. पडद्यावर 'ओके' हा शब्द आणि त्याखाली लुकलुकणारी रेघ आली की पुढचं सगळं आपल्यावर. आज मुलगा फोन उघडतो तेव्हा त्याच्यासमोर शंभर तयार गोष्टी असतात. आपल्यासमोर काहीच नसायचं. ती रेघ नुसती वाट बघायची.

भिंतीवर सरांनी 'परम'ची बातमी कापून चिकटवली होती. १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला, त्याची. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, हे सर प्रत्येक तुकडीला सांगायचे. त्यांचा मुद्दा एवढाच असायचा की मुरंब्याहून तिथपर्यंत जाता येत असेल, तर आर्वी नाक्याहून यायला तुम्हाला उशीर का होतो?

सर गणिताचे. संगणक त्यांना कुणी शिकवला नव्हता. रात्री पुस्तक वाचायचे आणि आमच्यापेक्षा एक धडा पुढे राहायचे. कधीकधी तोही राहायचे नाहीत. मग 'बघा बरं तुम्हीच' म्हणायचे. आज वाटतं, शिक्षकाने वर्गासमोर 'मला माहीत नाही' म्हणणं आणि मग मुलांच्या शेजारी खुर्ची ओढून बसणं, हे आम्ही तिथे पहिल्यांदा पाहिलं. शनिवारी सकाळची शाळा अकराला सुटली की ते किल्ली घेऊन थांबायचे. स्वतःचा डबा तिथेच, आणि तोही खोलीबाहेर बसून खायचे.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे. १०, २०, ३० असे दहा-दहाच्या अंतराने, म्हणजे मध्ये काही विसरलं तर १५ नंबरची ओळ घुसवता येते. आम्ही सापाचा खेळ लिहिला, गिल्ली-दांडूचा लिहिला, वाढदिवसाची धून वाजवली. आणि दर शनिवारी एकदा तरी लाईन गेली. प्रोग्रॅम साठवलेला नसेल तर तासाभराचं टंकन गेलं. त्या वेळी जे शब्द तोंडून निघाले, ते सरांनी न ऐकल्यासारखे केले, त्याबद्दल आज सगळ्यांच्या वतीने आभार.

आता सात जण.

पहिला, ज्याने सापाचा खेळ लिहिला, तो आज न्यू जर्सीहून पडद्यावर दिसतो आहे. आपल्यात सगळ्यात आधी 'संगणकवाला' तोच झाला. १९९९ मध्ये वायटूकेची धांदल होती, तेव्हा तो नागपुरातल्या एका क्लासात कोबोल शिकला. पूर्वी जागा वाचवायला सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवायचे, त्यामुळे २००० आलं की यंत्राला ते १९०० वाटणार होतं. जगभरातले जुने प्रोग्रॅम उघडून ते दोन आकडे दुरुस्त करायला माणसं हवी होती, आणि ती आपल्याकडे होती. तो गेला आणि तिकडेच राहिला. परवा म्हणाला, दहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, दिवसभर बैठकाच. आता सुट्टीच्या दिवशी मुलीबरोबर पुन्हा सापाचा खेळ लिहायला घेतला आहे.

दुसऱ्याचं हिंगणघाटला जिनिंग आहे. वडिलांच्या गादीवर बसला. पण १९९८ मध्ये त्याने जुना संगणक विकत घेऊन कापसाचा हिशेब बेसिकमध्ये लिहिला. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. १७० किलोची एक गाठ बांधायची तर पाचेक क्विंटल कापूस लागतो. त्याचा प्रोग्रॅम रोज संध्याकाळी एवढंच विचारायचा: रुई अधिक सरकी अधिक घट, म्हणजे सकाळी काट्यावर भरलेला कापूस होतो का? नाही झाला तर यंत्र शिट्टी वाजवायचं. ती शिट्टी मजुरांना इतकी पाठ झाली की ते तिला मुनीमजी म्हणू लागले.

तिसरा तलाठी झाला. सातबारा संगणकावर आले तेव्हा त्याने वर्षभर रात्री जागून जुने उतारे तपासले. लागवडीचं क्षेत्र अधिक पोटखराबा म्हणजे एकूण क्षेत्र आलं पाहिजे, आणि सगळ्या हिस्सेदारांची बेरीजही तिथेच पोचली पाहिजे. एका आराचा फरक राहिला तर पुढच्या पिढीत दोन भाऊ कोर्टात उभे राहतात, असं तो म्हणतो.

चौथी डॉक्टर झाली, सेवाग्रामला शिकली. ती म्हणते, प्रोग्रॅम चालत नसेल तर एका वेळी एकच ओळ बदलून बघायची, हे सरांनी सांगितलं होतं. औषधाचंही तेच. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

पाचव्याने आधी सायबर कॅफे काढला आणि तोट्यात बंद केला. मग २००१ मध्ये एमकेसीएलचा एमएस-सीआयटी सुरू झाला, तेव्हा त्याचं केंद्र घेतलं. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरातलं कुणी ना कुणी त्याच्याकडे शिकलं आहे, हात वर करा. बघा. पहिल्या दिवशी तो फाइल साठवायला शिकवतो. बाकीचं नंतर. लाईन कधी जाईल सांगता येत नाही.

सहावी मी. सातवीबद्दलच आज बोलायला उभी राहिले आहे.

ती देवळीकडच्या एका खेड्यातून एसटीने यायची. आमच्या सातांत सगळ्यात चांगला प्रोग्रॅम तीच लिहायची. हे मी आज मोठेपणाने म्हणत नाही, तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आम्ही यंत्रावर बसून डोकं खाजवायचो. ती वहीत सगळं लिहून आणायची, वीस मिनिटांत टंकायची आणि ते चालायचं. तिला वेळच वीस मिनिटं असायची. बाराची गाडी चुकली तर पुढची थेट साडेपाचला.

दहावीत असताना सरांनी सहामाहीचा निकाल संगणकावर करायचं ठरवलं. पन्नास मुलं, सहा विषय. प्रोग्रॅम तिने लिहिला. त्यात तिने एक गोष्ट केली जी कुणी सांगितली नव्हती. प्रत्येक मुलाची बेरीज आडवी केली, प्रत्येक विषयाची उभी केली, आणि शेवटी दोन्हींच्या एकूण बेरजा एकमेकींशी लावून पाहिल्या. जुळल्या तरच छापायचं. त्या भागाला तिने नाव दिलं होतं 'ताळा'. आपण प्राथमिक शाळेत गणिताचा ताळा करून बघायचो, तोच. पहिल्याच खेपेला ताळा जुळला नाही. शोधलं तर बेरजेच्या ओळीत मी शून्याऐवजी इंग्रजी ओ टंकला होता. यंत्राने त्याला नवीनच काहीतरी समजून मुकाट्याने हिशेब पुढे रेटला होता.

आणखी एक. परीक्षेचं साल तिने पूर्ण चार आकडी ठेवलं होतं. मी म्हटलं, दोन आकडे पुरतात, कशाला जागा घालवतेस? ती म्हणाली, "काहून वं, दोन हजार साली शाळा बंद होऊन राहिली का?" चार वर्षांनी सगळं जग त्या दोन आकड्यांसाठी धावत होतं, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. मला ते वाक्य आठवलं. आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते. तो प्रोग्रॅम जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात गेला. प्रदर्शन तीन दिवस होतं आणि कापूस वेचणीचा हंगाम होता. घरी तिची गरज होती. तक्ते मी रंगवले होते, टंकन माझं होतं, बोलायला मी बरी होते. मी गेले. बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर एकच नाव आलं, माझं. मी परत येऊन ते मुख्याध्यापकांकडे दिलं, सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या, तिनेही. त्या वेळी 'हा प्रोग्रॅम हिचा आहे' एवढे चार शब्द बोलायला मला काहीच अडचण नव्हती. मी बोलले नाही.

पुढे मी बारावी, मग इंजिनिअरिंग केलं, २००२ मध्ये पदवी घेतली. आमच्या वर्षी बाजार बसलेला होता. कॅम्पसला कंपन्या आल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. आठ महिने पुण्यात चौघींनी एका खोलीत राहून मुलाखती दिल्या. सहाव्या मुलाखतीत एका वयस्क गृहस्थांनी माझा कॉलेजचा प्रोजेक्ट बाजूला सारला. म्हणाले, हा सगळ्यांचा सारखाच असतो, स्वतःहून काय केलंय ते सांगा. मी सांगितलं, शाळेत असताना निकालाचा प्रोग्रॅम लिहिला. त्यांनी विचारलं, बेरजा बरोबर आहेत हे कशावरून ठरवलं? मी ताळा सांगितला. आडवी बेरीज, उभी बेरीज. ते पुढे झुकून ऐकत होते. नोकरी मिळाली, पगार साडेसहा हजार. 'लिहिला' म्हणाले होते मी. कुणी लिहिला ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गेली अनेक वर्षं माझं काम बँकांच्या व्यवहारांचं आहे. दिवसभर एका खात्यातून गेलेले पैसे दुसरीकडे पोचले की नाही, हे रात्री बारानंतर जुळवून बघणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. त्याला मराठीत चांगला शब्द आहे, ताळमेळ. म्हणजे वीसेक वर्षं मला पगार मिळतो तो दहावीतल्या एका मुलीच्या कल्पनेचा.

तिचं काय झालं? अकरावीला संगणक विषय घ्यायचा तर प्रात्यक्षिकं संध्याकाळी होती आणि गावाला जाणारी शेवटची गाडी साडेपाचची. फी वेगळी. तिने कला शाखा घेतली. लग्न झालं. आज ती अंगणवाडी सेविका आहे.

या मेळाव्याच्या तयारीसाठी फोन नंबर गोळा करताना तिचा नंबर मिळाला. दिवाळीनंतर मी तिच्या गावी गेले. खरं तर माफी मागायला गेले होते, पण आधी दोन तास अंगणवाडीत बसावं लागलं, कारण तो वजनाचा दिवस होता. तिने काट्यावर पहिल्यांदा मूल नाही, तांदळाची पाच किलोची पिशवी टांगली. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, एकदा तीन महिने काही मुलांचं वजन जागचं हललं नव्हतं. मुलांकडे बघून तर तसं वाटत नव्हतं. मग लक्षात आलं, काटाच अडकतो आहे. तेव्हापासून आधी काट्याची परीक्षा, मग मुलांची. तिच्या स्वतःच्या वहीत पानाच्या तळाशी एक ओळ आखलेली होती: वजन केलेली, अधिक गैरहजर, अधिक आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी गेलेली, बरोबर पटावरची. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'ताळा'.

मग मी प्रमाणपत्राचं सांगितलं, आणि मुलाखतीचंही. ती वही बंद करत म्हणाली, "ताळा नीट समजावून सांगितला होता ना त्यायले?" मी म्हटलं, हो. "मंग बरं केलं." थोड्या वेळाने चहा गाळताना म्हणाली, "पण 'आमी' म्हनायचं होतं."

मित्रमैत्रिणींनो, माझी एक समजूत होती. लहानपणी संगणकाचा नाद लागलेली मुलं पुढे संगणकातच जातात, आणि जी गेली नाहीत त्यांचा नाद कच्चा होता. आपल्या सातांकडे बघितलं तर हे खरं नाही. कोण चांगला प्रोग्रॅम लिहितं, हे त्या खोलीत ठरलं. पण त्यावर पोट कोण भरणार, हे ठरलं एसटीच्या वेळापत्रकावर, फीवर, वेचणीच्या हंगामावर आणि पदवी कोणत्या साली हाती पडली यावर. बाकी खोलीने जे द्यायचं ते सातही जणांना सारखंच दिलं. आपण सांगितलं तेच यंत्र करतं. तेव्हा उत्तर चुकलं तर आधी आपलं सांगणं तपासायचं. जिनिंगमध्ये, तलाठी कार्यालयात, दवाखान्यात, अंगणवाडीत ती सवय आजही चालू आहे.

इंग्लंडमध्येही यावर विचार झाला. केंब्रिजच्या काही जणांच्या लक्षात आलं की संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांनी आता पूर्वीसारखे घरी स्वतः प्रोग्रॅम लिहिलेले नसतात. बीबीसी मायक्रोसारखं, चालू करताच 'लिही' म्हणणारं यंत्र घरात उरलं नव्हतं. त्यातून २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला. पण आपल्याला हे केंब्रिजकडूनच शिकायला हवं असं नाही. हाताने करत करत शिकायचं, या विचारावरची परिषद गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आपल्याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरली होती. नई तालीम तिथून निघाली. आपल्या सरांनी शनिवारी दुपारी केलं ते त्यापासून फार लांबचं नव्हतं. तकलीच्या जागी कळफलक होता इतकंच.

शाळेची संगणक प्रयोगशाळा आज आपल्या वेळेपेक्षा कितीतरी चांगली आहे. काल बघून आले. पण तिला वेळापत्रक आहे, अभ्यासक्रम आहे, आणि शनिवारी साडेअकराला कुलूप आहे. आम्ही सातही जणांनी मिळून शाळेला एक विनंती केली आहे. शनिवारी दुपारी तीन तास ती खोली उघडी ठेवावी. परीक्षा नको, गुण नकोत, मुलांना काय करायचं ते करू द्यावं. आणि बाहेरगावच्या मुलामुलींना त्या दिवशी घरी पोचवायला गाडी असावी. त्या गाडीचा खर्च आम्ही करू. संगणक घेऊन द्यायला आज पुष्कळ जण तयार होतात. आपल्या वेळी कमी पडली होती ती गाडी.

दुसरी विनंती स्मरणिकेच्या संपादकांना. शेवटच्या पानांवर शाळेला मिळालेल्या बक्षिसांची यादी आहे. त्यात १९९५ च्या विज्ञान प्रदर्शनापुढे माझं एकटीचं नाव आहे. तिथे तिचं नाव आधी आणि माझं नंतर छापावं. भाषणात नाव घ्यायला तिने मनाई केली आहे, यादीत छापायला तिची हरकत नाही. मी विचारून घेतलं आहे.

आणि सर, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून विचारते. त्या खोलीची जुनी किल्ली अजून तुमच्याकडेच आहे असं सगळे म्हणतात. खरं असेल तर आज शनिवारच आहे.